अंगणातले सूर, भिंतीवरचे रंग
(बालशिक्षिकांच्या कला-संगीत प्रशिक्षणाचा शतकभराचा मागोवा)

तीन वर्षांचे मूल प्रथमच घराचा उंबरठा ओलांडून बालमंदिरात येते, तेव्हा त्याला ना अक्षर येते ना अंक. आईच्या पदराची सवय एवढीच काय ती त्याची शिदोरी. तो पदर सोडवून त्याला परक्या बाईंचा हात धरायला लावणे हे काम वाटते तितके सोपे नाही. धाकाने ते होत नाही आणि उपदेशानेही होत नाही. एखादे गाणे, एखादी टाळी, मातीचा एक गोळा, रंगात बुडवलेले एक बोट यांनी ते सहज होते, हा जगभरच्या बालशिक्षकांचा अनुभव आहे.

परंतु येथेच एक प्रश्न उभा राहतो. गाणे म्हणायचे ते बाईंनी, माती मळायची ती बाईंनी. त्या बाईंना हे कोणी शिकविले? ज्या मुलीला शाळेत असताना ‘तुझा आवाज चांगला नाही, तू मागे उभी राहा’ असे सांगितले गेले, तीच पुढे बालशिक्षिका झाली तर तिने चाळीस मुलांपुढे गावे कसे? ज्या हाताने आयुष्यात फक्त फळ्यावरचे उतरवून घेतले, त्या हाताने मुलांना मनासारखे रंगवू द्यावे कसे? बालमंदिरांच्या इतिहासात संस्थापकांची नावे येतात, इमारतींची छायाचित्रे येतात, देणगीदारांच्या शिला येतात. शिक्षिका कशी घडविली गेली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्या घडणीचा, विशेषतः तिच्यातील कला आणि संगीत या अंगांचा, हा संक्षिप्त आढावा.

युरोपातील बीज

लहान मुलांच्या शिक्षणात गाणे आणि हस्तकाम यांना पहिले मानाचे स्थान दिले ते जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी. सन १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी त्यांनी बालकांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालकांचा बगीचा, हे नाव दिले. त्यांनी मुलांच्या हाती दिलेली पहिली ‘भेट’ म्हणजे सहा रंगांचे लोकरीचे सहा चेंडू. त्यानंतर ठोकळे, कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम अशी क्रमवार योजना होती. १८४३ साली त्यांनी मातांसाठी गीतांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील बोटांचे खेळ पुढे देशोदेशी गेले. बालकांना शिकविण्यासाठी स्त्रियांना रीतसर प्रशिक्षण द्यावे, हा आग्रहही त्यांचाच. त्या काळच्या शासनाला ही मोकळीक मानवली नाही. १८५१ मध्ये प्रशियात बालोद्यानांवर बंदी आली. ती १८६० मध्ये उठली, पण तेव्हा फ्रोबेल हयात नव्हते.

दुसरे मोठे नाव डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. थेट चित्रकला शिकविण्यापेक्षा डोळा आणि हात यांची पूर्वतयारी करावी, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी रंगांच्या पट्ट्या तयार केल्या. तिसऱ्या पेटीत नऊ रंग आणि प्रत्येक रंगाच्या सात छटा, अशा त्रेसष्ट पट्ट्या असतात. फिकटापासून गडदापर्यंत त्या ओळीने लावायच्या. कापडाच्या पेढीवर एकाच निळ्याच्या सात छटा बिनचूक ओळखणारी नजर कोणी जन्मतः घेऊन येत नाही, ती रोजच्या हाताळणीने तयार होते. मॉन्टेसरीबाईंचे तत्त्व नेमके हेच होते. संगीतासाठी त्यांनी घंटांचे दोन संच योजले. दोन्ही संचांतील घंटा दिसायला सारख्याच आकाराच्या, फरक केवळ स्वराचा. एका संचातील घंटा वाजवून दुसऱ्या संचात तिची जोडी कानाने शोधायची. जमिनीवर आखलेल्या रेषेवरून संगीताच्या लयीत चालणे आणि सर्वांनी मिळून नि:शब्द शांतता अनुभवणे हेही त्यांच्या पद्धतीचे भाग होत.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची गोष्ट होती. मुलाला जे साहित्य द्यायचे ते शिक्षिकेने आधी स्वतः हाताळलेच पाहिजे. घंटेची जोडी तिला स्वतःला लावता आली पाहिजे. मुलाच्या डोळ्यांनी पाहायला आणि मुलाच्या कानांनी ऐकायला शिकणे, हा तिचा पहिला धडा.

भावनगरचे अध्यापन मंदिर

हे बीज भारतात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने गिजुभाई बधेका यांच्याकडे जाते. १५ नोव्हेंबर १८८५ रोजी जन्मलेले गिजुभाई व्यवसायाने वकील. मुलाच्या जन्मानंतर त्याच्या शिक्षणाचा विचार करीत असताना मोतीभाई अमीन यांच्याकडून मॉन्टेसरी पद्धतीचे साहित्य त्यांच्या हाती आले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले. नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये स्थापन केलेली ही संस्था त्या काळी सौराष्ट्राच्या शैक्षणिक जीवनाचे केंद्र होती. १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू झाले. १९२२ मध्ये टेकडीवरील बालमंदिराच्या वास्तूचे उद्घाटन कस्तुरबा गांधी यांच्या हस्ते झाले.

गिजुभाईंनी मॉन्टेसरी पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. मॉन्टेसरीबाईंनी लहान वयात कल्पित कथांना फारसे स्थान दिले नव्हते. गिजुभाईंनी मात्र कथा, लोकगीते, नाट्य आणि नृत्य यांना बालमंदिराच्या मध्यभागी आणून बसविले. ज्या भूमीत आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकल्याशिवाय मूल झोपत नाही आणि नवरात्रात गरब्याचा फेर धरल्याशिवाय अंगण उजळत नाही, तेथील बालशिक्षण याहून निराळे असणे शक्यही नव्हते. प्रेमळ स्वभावामुळे लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणू लागले. गुजराती भाषिकांना आजही हे संबोधन परिचित आहे.

१९२३ मध्ये त्यांना तोलामोलाच्या सहकारी मिळाल्या. १९ एप्रिल १८९२ रोजी जन्मलेल्या ताराबाई मोडक या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाचा अनुभव असलेल्या विदुषी. शिक्षिकांचे प्रशिक्षण कसे चालते आणि कोठे कमी पडते, हे त्यांनी आतून पाहिलेले होते. १९२५ मध्ये दक्षिणामूर्तीत बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर सुरू झाले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. बालमंदिर आणि अध्यापन मंदिर एकाच आवारात असणे ही या प्रयोगाची खरी ताकद होती. प्रशिक्षणार्थी सकाळी मुलांमध्ये बसून निरीक्षण करीत आणि नंतर त्यावर चर्चा होई. गाणे पुस्तकातून पाठ करण्याऐवजी मुलांच्या घोळक्यात बसून ते शिकण्याची सोय तेथे होती. परीक्षा, बक्षिसे आणि शिक्षा या तिन्हींना गिजुभाईंचा विरोध होता. चित्राला पहिला-दुसरा क्रमांक देणे म्हणजे उरलेल्या मुलांचे हात बांधणे, हे त्यातून ओघानेच येते.

गाणारी शिक्षिका आणि समाज

या ठिकाणी त्या काळच्या समाजस्थितीची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलीन घरातील स्त्रीने चारचौघांत गाणे वा फेर धरून नाचणे कमीपणाचे मानले जाई. घरात ओवी चाले, पाळणा चाले, देवापुढे आरती-स्तवन चाले. परंतु पगार घेऊन, परक्या मुलांपुढे, अभिनय करीत गाणे ही कल्पना अनेक घरांना रुचण्यासारखी नव्हती. शिक्षिका होण्यास जी स्त्री पुढे येई, तिच्यावर बहुधा वैधव्य, परित्याग किंवा दारिद्र्य यांपैकी एखादे संकट ओढवलेले असे. ‘पोटासाठी मास्तरीण झाली’ इतके समाज ऐकून घेई. ‘पोटासाठी गाऊ लागली’ हे ऐकून घेण्याची त्याची तयारी नसे.

हा अडसर दूर होण्यास संगीतक्षेत्रातील एका चळवळीचा मोठा हातभार लागला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. संगीताला शाळेचे रूप, अभ्यासक्रम आणि सामाजिक प्रतिष्ठा मिळाली. सुखवस्तू घरांतील मुली पेटी शिकू लागल्या. स्वरलिपी छापली गेली, त्यामुळे एका गावचे गाणे दुसऱ्या गावी बिनचूक जाणे शक्य झाले. बालमंदिराच्या शिक्षिकेला ‘गाणे ही विद्या आहे’ असे घरी ठणकावून सांगण्याचे बळ या वातावरणाने दिले.

अहमदाबाद आणि अड्यार

जैन समाजाला अभिमान वाटावा असा एक धागा या इतिहासात आहे. अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई आणि त्यांच्या पत्नी सरलादेवी यांनी आपल्या आठ मुलांसाठी घरीच शाळा चालविली आणि तीत मॉन्टेसरी पद्धतीचा अवलंब केला. पुढे मॉन्टेसरीबाईंचे प्रसिद्ध चरित्र लिहिणारे ई. एम. स्टँडिंग हे या घरात शिक्षक होते. ज्या काळात व्यापारी घराण्यांत मुलाला लवकरात लवकर पेढीवर बसविण्याची रीत होती, त्या काळात या कुटुंबाने मुलांच्या चित्रकलेसाठी, संगीतासाठी, बागकामासाठी आणि त्यासाठी लागणाऱ्या शिक्षकांसाठी मुक्तहस्ते खर्च केला. या मुलांपैकी विक्रम साराभाई शास्त्रज्ञ म्हणून विख्यात झाले. लीनाबेन यांनी १९४७ मध्ये अहमदाबादेत ‘श्रेयस’ ही शाळा सुरू केली.

नोव्हेंबर १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून डॉ. मॉन्टेसरी स्वतः मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीदेवी यांनी त्यांचे स्वागत केले. रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये स्थापन केलेले कलाक्षेत्र त्या वेळी अड्यारलाच होते. पहिल्या प्रशिक्षण वर्गाला सुमारे तीनशे विद्यार्थी देशभरातून जमले. महायुद्धात इटली उतरल्यावर १९४० मध्ये त्यांचे पुत्र मारिओ यांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, त्यांची सुटका झाली. युद्धामुळे मॉन्टेसरीबाईंचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. अहमदाबाद, कोडाईकनाल, कराची आदी ठिकाणी वर्ग झाले आणि एक हजारांहून अधिक शिक्षक तयार झाले.

परंतु या प्रशिक्षणातून एक अडचणही जन्मली. शास्त्रशुद्ध मापाचे लाकडी साहित्य, घंटांचे संच, रंगांच्या पट्ट्या हे सारे महाग. शहरातील सधन वस्तीतील शाळांना ते परवडले. खेड्यातील शिक्षिका प्रमाणपत्र घेऊन परतली आणि रिकाम्या खोलीत उभी राहिली. साहित्य नाही तर शिकवायचे काय, हा प्रश्न तिच्यापुढे होता. याचे उत्तर महाराष्ट्राच्या सागरकिनाऱ्यावर मिळाले.

बोर्डी ते कोसबाड

ताराबाई १९३२ मध्ये भावनगरहून परतल्या. १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केले आणि बालमंदिराला जोडून शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची परंपरा तेथेही चालू ठेवली. गिजुभाई २३ जून १९३९ रोजी निवर्तले. शहरातील काम स्थिरावले असताना ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न होते. लोक ज्या वयात सुखाचा विचार करू लागतात, त्या वयात त्यांनी नवा संसार मांडला.

त्यांना साथ मिळाली अनुताई वाघ यांची. १७ मार्च १९१० रोजी जन्मलेल्या अनुताईंना कोवळ्या वयात वैधव्य आले होते. शिक्षिका होऊन त्यांनी आधी नाशिक जिल्ह्यात आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत काम केले, रात्रशाळेत शिकून मॅट्रिक केले. १९४५ मध्ये बोरिवली येथील कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली आणि त्या बोर्डीला गेल्या. त्यानंतरचे जवळजवळ अर्धे शतक त्यांनी याच कामाला दिले. नोकरी सांभाळून त्या १९६१ मध्ये पदवीधर झाल्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण हरिजन आणि आदिवासी वस्तीतील मुले तेथे येईनात. मुले येत नाहीत तर बालवाडीनेच मुलांकडे जावे, असे ताराबाईंनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. घरापुढच्या अंगणात मुले जमवून वर्ग भरू लागला. त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ही कल्पना जन्माला आली. प्रथम मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणे, गोष्ट आणि खेळ. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र जवळच्या कोसबाड टेकडीवर हलविण्यात आले. तेथील वारली मुले गुरे चारायला रानात जात. शाळा मग कुरणात भरू लागली, ती ‘कुरणशाळा’ झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली.

कला व संगीत या दृष्टीने कोसबाडचे महत्त्व निराळे आहे. महागडे साहित्य तेथे नव्हते आणि शोभलेही नसते. शिंपले, बिया, पाने, काटक्या, खडे, माती यांतूनच साहित्य घडविण्यात आले. रंगांच्या त्रेसष्ट पट्ट्या नसल्या तरी रानातील पानांत हिरव्याच्या कितीतरी छटा असतात. नाद ओळखण्याच्या घंटा नसल्या तरी डब्यांत निरनिराळ्या बिया भरून त्यांचा आवाज ओळखता येतो. अर्थात हे सुचण्यासाठी शिक्षिकेला मूळ तत्त्व उमगलेले असावे लागते. साहित्य विकत घेणाऱ्या शिक्षिकेपेक्षा साहित्य शोधणाऱ्या शिक्षिकेला अधिक शिकावे लागते.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, डहाणू परिसरातील मुले कलेत कोरी नव्हतीच. वारली घरात लग्नप्रसंगी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. सुवासिनी तो लिहितात आणि धवलेरी लग्नाची गाणी गातात. भोपळा आणि बांबू यांपासून बनविलेल्या तारप्याच्या सुरावर रात्ररात्र फेर चालतो. अशा घरातून आलेल्या मुलापुढे फळ्यावर आंब्याचे चित्र काढून ‘असेच काढा’ म्हणणे किती विपरीत ठरले असते! त्या वेळी ज्यांना अडाणी म्हटले जाई, त्यांच्याच भिंतीवरील ही कला पुढे जगभर गेली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांना त्यासाठी २०११ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. शहरातून आलेल्या शिक्षिकेला शिकविण्यापूर्वी मुलांकडून शिकावे लागेल, हा धडा या टेकडीने दिला.

ताराबाईंना १९६२ मध्ये ‘पद्मभूषण’ मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. अनुताईंनी काम पुढे नेले, बालसेविकांचे प्रशिक्षण चालविले, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र लिहिले. १९८४ मध्ये ‘पद्मश्री’ आणि १९८५ मध्ये जमनालाल बजाज पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांची जीवनयात्रा संपली. कोसबाडचा परिसर ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात आहे.

सेवाग्रामची जोड

याच सुमारास वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे गांधीजींच्या नयी तालीमचे काम चालू होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत या विचाराची मांडणी झाली. १९४५ मध्ये तिचा विस्तार होऊन सात वर्षांखालील मुलांच्या ‘पूर्व-बुनियादी’ शिक्षणाचाही त्यात समावेश झाला. शांता नारुलकर यांनी तेथे या वयोगटाचे काम उभे केले. १९४४ मध्ये शांतिनिकेतनचे विद्यार्थी देवीप्रसाद सेवाग्रामात कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. कला हा शिक्षणाचा आधार आहे, हा त्यांचा विचार. चित्रकार घडविणे हा त्यांचा हेतू नव्हता. प्रत्येक मुलाच्या ठायी असलेली सौंदर्यदृष्टी जिवंत ठेवणे, त्यासाठी झाडलोट, मांडणी, रांगोळी, सूत आणि माती या रोजच्या गोष्टींतही नीटनेटकेपणा पाहणे, ही त्यांची वाट होती.

प्रशिक्षणात नेमके काय शिकावे लागते?

इतिहासातून निष्कर्ष काढायचा तर, भावी बालशिक्षिकेला कला व संगीत शिकविण्यासाठी काही ठराविक गोष्टींची तयारी करून घ्यावी लागते.

पहिली गोष्ट आवाजाची. लहान मुलाच्या गळ्याचा आवाका मर्यादित असतो. पाच-सहा स्वरांत फिरणारे, छोट्या ओळींचे आणि पुनरुक्ती असलेले गीत त्याला सहज पेलते. मोठ्यांच्या खर्जात सुरू केलेले गाणे मुलांना जमत नाही. मग ती ओरडतात आणि आपण त्याला ‘उत्साह’ म्हणतो. शिक्षिकेचा गळा मैफलीचा असण्याची गरज नाही, तो सुरात असला म्हणजे पुरे. बेसूर मानल्या गेलेल्या बहुतेक गळ्यांना सरावाची वाण असते. रोज थोडा वेळ एकमेकींच्या सोबतीने गायल्यावर भीड चेपते. पेटीपेक्षा टाळी, खंजिरी, घुंगरू आणि मोकळे हात अधिक उपयोगी, कारण पेटीवर बसलेल्या बाईंना मुलांकडे पाहता येत नाही.

दुसरी गोष्ट लयीची. चालणे, उड्या मारणे, पाणी ओतणे, जात्याची घरघर, पावसाची रिपरिप यांतील लय शोधायला प्रशिक्षणार्थीने शिकले पाहिजे. ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी, फेराची गाणी हा आपला पिढीजात साठा आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने आपल्या आजीकडून, शेजारणीकडून गाणी गोळा करून आणावी, इतके केले तरी वर्गाचा संग्रह तयार होतो.

तिसरी गोष्ट चित्राची. दोन ते चार वर्षांचे मूल रेघोट्या ओढते. त्याला हाताच्या हालचालीचाच आनंद असतो. पुढे गोल येतो, गोलाला हातपाय फुटतात आणि माणूस होतो. व्हिएन्नाच्या फ्रांझ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी मुक्त कलावर्ग सुरू केला. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वाढीच्या पायऱ्यांची पद्धतशीर मांडणी केली. हे माहीत असलेली शिक्षिका रेघोट्यांना ‘गिचमिड’ म्हणत नाही. ‘हे काय काढलेस?’ असे दरडावण्याऐवजी ‘मला सांगशील का?’ असे ती विचारते. छापील आकृतीत रंग भरून घेणे सोपे असते आणि पालकांनाही ते आवडते. पण त्या रेषा दुसऱ्याच्या असतात.

चौथी गोष्ट साहित्याची. गेरू, हळद, तांदळाचे पीठ, माती, शिंप्याकडील चिंध्या, जुनी वर्तमानपत्रे यांत वर्षभराचा कलावर्ग भागतो. प्रशिक्षणार्थीने वर्षअखेरीस स्वहस्ते बनविलेल्या साहित्याची एक पेटी घेऊन बाहेर पडावे, ही जुनी पद्धत आजही अनुकरणीय आहे.

पाचवी आणि सर्वांत अवघड गोष्ट संयमाची. मूल मातीत हात घालत असताना शिक्षिकेने आपले हात मागे बांधून उभे राहावे, हे शिकायला इतर चारांपेक्षा जास्त काळ लागतो.

विस्तार झाला, खोली गेली

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. प्रारंभी ३३ प्रकल्प होते. तिच्या केंद्रांना बोर्डीच्या अंगणात जन्मलेले ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. एका मराठी बाईंनी हरिजन वस्तीत सुरू केलेल्या वर्गाचे नाव काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पोहोचले. याहून मोठे स्मारक कोणते!

परंतु नावासोबत सारेच पोहोचले असे म्हणता येत नाही. योजनेत सहा सेवा आहेत: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण. हे सारे एकाच सेविकेच्या खांद्यावर. आहाराची नोंद, वजनाची नोंद, गृहभेटी, सर्वेक्षणे यांतून उरलेला वेळ गाण्याला आणि चित्राला. प्रशिक्षणातही कलेच्या वाट्याला थोडे तास आले. दुसरीकडे शहरांत इंग्रजी नावांची बालकेंद्रे वाढली. तेथे इमारत चकचकीत, परंतु शिक्षिका बहुधा अप्रशिक्षित आणि वेतन तुटपुंजे. चार वर्षांच्या मुलाकडून वह्या भरून घेण्याची स्पर्धा लागली. संगीत म्हणजे ध्वनिफीत लावणे आणि कला म्हणजे स्नेहसंमेलनासाठी दोन महिने आधीपासून पाय बसविणे, असे समीकरण झाले. मंचावर रडणारे मूल आणि खालून खुणा करणाऱ्या बाई हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. दोष बाईंचा नाही. त्यांना याहून वेगळे कोणी शिकविलेलेच नसते.

अलीकडच्या काळात दिशा बदलण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१४ च्या राष्ट्रीय नियमावलीत पूर्वप्राथमिक शिक्षकांसाठी दोन वर्षांच्या पदविकेची तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ मानला. बारावी उत्तीर्ण अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि इतरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यात सुचविला आहे. २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बाहुल्या, खेळणी, कोडी असलेला ‘जादुई पिटारा’ प्रसिद्ध झाला. कोसबाडच्या शिंपल्यांची आठवण करून देणारीच ही कल्पना. पिटारा उघडणारा हात तयार आहे का, हा प्रश्न मात्र १९२५ मध्ये होता तसाच आजही आहे.

समाजाचे कर्तव्य

आपल्याकडील अनेक धर्मादाय न्यास, मंडळे आणि महिला संस्था बालमंदिरे चालवितात. इमारत निधीस देणगी देण्यास दाते पुढे येतात, कारण शिलेवर नाव कोरले जाते. शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी दिलेल्या देणगीची शिला कोठे बसवणार? ती बसते मुलांच्या गळ्यात आणि बोटांत, आणि म्हणूनच कोणाला दिसत नाही. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर इमारतीवर दरवर्षी घसारा धरावा लागतो. चांगल्या शिक्षिकेचे मोल मात्र प्रत्येक वर्षागणिक वाढतच जाते.

बालमंदिरातील प्रत्येक शिक्षिकेला एका रीतसर वर्गास पाठविणे, तिला त्या काळातील वेतन पूर्ण देणे, वर्षातून काही दिवस संगीत व चित्रकलेच्या जाणकारांना तिच्यासाठी बोलावणे आणि स्नेहसंमेलनाचा अवडंबर कमी करून मुलांच्या रोजच्या कामाचे साधे प्रदर्शन भरविणे, एवढे जरी न्यासांनी केले तरी फार मोठे काम होईल. या चारही गोष्टींना मिळून एका मंडपाइतका खर्च येणार नाही.

ताराबाई, गिजुभाई आणि अनुताई यांच्यापाशी पैसा नव्हता. वस्तीत पाऊल टाकणाऱ्या त्यांच्या शिक्षिकांपाशी पेटीही नसे. अंगण होते, माती होती, गळा होता आणि त्या गळ्यातून गाण्याची भीड गेलेली होती. ही भीड घालविणे म्हणजेच प्रशिक्षण. शतकापूर्वी भावनगरच्या टेकडीवर सुरू झालेले हे काम अपुरे आहे. ते पुढे नेण्याची बुद्धी आणि सामर्थ्य सर्वांना लाभो, हीच या मंगल प्रसंगी सदिच्छा.